भिंतीवरच्या भागरताबाई

नोकरीच्या बाविसाव्या वर्षी मी एका भिंतीला 'आजी' म्हणून हाक मारली. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्या खेपेला तर आवाजही चढवला, कारण म्हातारी ऐकू येऊनही मुद्दाम उत्तर देत नाही असं मला वाटलं. मागे आमचा सफाई कामगार सुकराम बादली आणि कुंचा घेऊन उभा होता. त्याने बराच वेळ हसू दाबून धरलं. शेवटी म्हणाला, "मॅडम, ते बोलत नाही जी. ते चित्र हाये."

मी भंडारा जिल्ह्यातल्या एका नगर परिषदेत स्वच्छता निरीक्षक होते. गावाचं नाव लिहीत नाही. पेन्शन अजून चालू आहे. स्वच्छता निरीक्षक म्हटलं की लोकांना नाल्या, घंटागाडी आणि मेलेली डुकरं एवढंच आठवतं. ते होतंच. पण माझ्याकडे आणखी एक खातं होतं, भिंतींचं. सरकारी भिंतीवर परवानगीशिवाय जे काही लिहिलं, रंगवलं किंवा चिकटवलं जातं त्याला कायद्यात विद्रूपीकरण म्हणतात. ते शोधायचं, करणाऱ्याला नोटीस द्यायची, त्याने पुसलं नाही तर आपण पुसायचं. मूळव्याधीवर खात्रीचा इलाज, दहावी नापासांसाठी क्लास, कुठल्याशा दादाला वाढदिवसाच्या शुभेच्छा, सगळ्यांना एकच चुना. चित्र चांगलं की वाईट हे कायदा विचारत नाही. मीही कधी विचारलं नव्हतं.

तर ती भिंत. कोष्टीपुऱ्याच्या तोंडाशी आमचा जुना जकात नाका आहे. जकात बंद झाली, नाका बंद झाला, आणि त्याची मागची लांबलचक भिंत पुरुषमंडळींनी मुतारी म्हणून वापरायला घेतली. देवाच्या टाइल्स लावून पाहिल्या. लोकांनी दोन टाइल्सच्या मधली जागा शोधली. 'येथे लघवी करू नये' असं लिहून पाहिलं. उलट बाहेरगावच्या माणसालाही कळलं की जागा हीच. अशात तक्रार आली की त्या भिंतीवर कोणीतरी भलंमोठं चित्र काढलंय. तक्रार करणारा गृहस्थ क्लासवाला होता आणि त्याची स्वतःची जाहिरात पूर्वी त्याच भिंतीवर असायची, हे मी ओळखून होते. पण तक्रार लेखी होती.

मी सकाळी दहाच्या सुमारास स्कूटरवरून गेले. ऊन समोरून, चष्म्यावर धूळ. भिंतीच्या जागी मला एक घर दिसलं. निळं दार अर्धं उघडं, आत अंधार, दारापुढे शेणाने सारवलेला ओटा आणि ओट्यावर लुगडं नेसलेली एक म्हातारी, एक गुडघा वर घेऊन बसलेली. तिची नजर थेट माझ्याकडे होती, आणि ती नजर स्वागताची नव्हती. मी स्कूटर लावली आणि तिला विचारलं, "आजी, इथे भिंतीवर चित्र कुठे काढलंय?"

पुढचं सांगितलंच.

जवळ गेले तेव्हा पाच हातांवर म्हातारी विस्कटली. नुसते रंगाचे फटके. मागे सरकले की पुन्हा म्हातारी. असं मी दोनदा केलं, सुकरामला दिसणार नाही अशा बेताने. त्याला दिसलंच. तोपर्यंत कोष्टीपुऱ्यातल्या तीन-चार बायाही जमल्या होत्या आणि त्यांनाही मी भिंतीशी काय बोलले ते कळलं होतं. त्यातली एक म्हणाली, "मॅडम, त्या भागरताबाई होत. इथं समोरच्या ओट्यावर बसत. कोनी भिंतीकडं वळला का, असा वरडत, असा वरडत, का मानूस अर्ध्यातून पळे. आता नाही त्या इथं. तवापासून लई घान झाली होती. मंग पेंटरनं त्यायले भिंतीवरच बसवलं. आता पाहा, एक मानूस फिरकत नाही."

मी खाली वाकून पाहिलं. खरंच, भिंतीची कड कोरडी होती. बाविसाव्या वर्षी पहिल्यांदा.

इथे मला एक कबूल करायचं आहे. त्या दिवशी चित्र पुसलंच पाहिजे असं काही नव्हतं. आधी नोटीस, मग सात दिवस, मग पुसणं, असा नियम आहे. पण सुकराम हसला होता, बाया हसल्या होत्या, आणि संध्याकाळपर्यंत हे कार्यालयात पोचणार होतं. चित्राच्या कोपऱ्यात 'दयाराम पेंटर' असं नाव आणि खाली मोबाइल नंबर होता. नंबर आहे म्हणजे जाहिरात आहे, आणि जाहिरात तात्काळ काढता येते. मी सुकरामला म्हटलं, "मार चुना."

"मॅडम, नाल्या साफ कराले सांगा, दोन करतो. हे राहू द्या."

"मार म्हटलं ना."

चुन्याची एक गंमत असते, ती ज्यांनी कधी भिंत पांढरी केली नाही त्यांना ठाऊक नसेल. ओला चुना आरपार दिसतो. वाळत जाईल तसा पांढरा होतो. त्यातून खाली ऑइलपेंट असला की तो धरत नाही, म्हणून आम्ही आधी पत्र्याने खरवडतो आणि चुन्यात डिंक घालतो. सुकरामने खरवडलं, पण चेहऱ्यावर पत्रा हलका चालवला. मी ते चालू दिलं. दोन हात मारून झाले तरी भागरताबाई पाण्याखालून बघावं तशा बघतच होत्या. बाया निघून गेल्या. मी मात्र निघू शकले नाही, कारण काम पूर्ण झाल्याचा फोटो लागतो. तासभर उन्हात उभी राहिले. आधी लुगडं गेलं, मग दार, मग गुडघा. डोळे सगळ्यांत शेवटी गेले. मग मी फोटो काढला.

चौथ्या दिवशी भिंत पुन्हा ओली व्हायला लागली.

नोटीस मात्र द्यायची राहिली होती, म्हणून मी दयारामच्या दुकानात गेले. दुकान म्हणजे तेलीपुऱ्यातली एक लांबट खोली. साठीचा माणूस, उंच, पाठीत किंचित वाकलेला, डोक्याला रुमाल. जमिनीवर मांजरपाट पसरून त्याच्यावर अनवाणी चालत तो जंगल रंगवत होता. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि नाटकं होतात. त्या नाटकांचे पडदे तो रंगवायचा. दुकानांच्या पाट्या त्याच्या हातून फ्लेक्सने नेल्या. ट्रकमागची अक्षरं स्टिकरने नेली. पडदे तेवढे उरले होते.

त्याने नोटीस घेतली, वाचली नाही, घडी करून कानामागे बिडीसारखी खोचली. मग मला म्हणाला, "मॅडम, एक विचारू का जी? रागावू नका."

"विचारा."

"तुमी तिले आजी म्हनलं म्हने. किती दुरून म्हनलं?"

मी म्हटलं, "असेन वीस पावलांवर."

त्याने मनात काहीतरी मोजलं. "वीस. मले वाटलं होतं पंधरावरच लोकं वळखतीन." आणि असा खूश झाला की मी नोटीस दिलीय की मानपत्र, हे मला कळेना. मी चिडून म्हटलं, "ते चित्र आता नाही तिथे."

"मालूम हाये जी. पडदे पन धुतेत लोकं. पडद्याचं का हाये, नाटक कंपनी बुडली का त्याच्यात धान बांधतेत." आणि पुन्हा जंगलावर चालत गेला.

मला त्याने भांडायला हवं होतं. भांडणारा माणूस बरा. त्याचं उत्तर देता येतं.

मध्ये एक वर्ष गेलं. मग आमच्याकडे सुशोभीकरण आलं. वरून आदेश होता की शहर स्वच्छ दिसण्यासाठी भिंतींवर चित्रं काढावीत आणि पाहणीचं पथक येण्याआधी ती पूर्ण करावीत. खातं कोणाकडे? भिंती ज्यांच्याकडे त्यांच्याकडे. म्हणजे ज्या बाईने बावीस वर्षं चित्रं पुसली, तिलाच ती काढून घ्यायची होती. काम बाहेरगावच्या एका एजन्सीला मिळालं. त्यांची मुलं कापलेले साचे घेऊन आली, साचा लावायचा, फवारा मारायचा, पुढची भिंत. आठवड्याभरात गावात नारळाची झाडं उगवली, शिडाची जहाजं आली. भोईपुऱ्याच्या भिंतीवर तोंडातून प्लास्टिकची बाटली बाहेर टाकणारा देवमासा आला. आमच्याकडे पावलागणिक तलाव आहेत, गोसीखुर्दचं पाणी आहे, पण समुद्र बघायला मुंबईलाच जावं लागतं. एक मासेमार ढीवर म्हातारा त्या देवमाशापुढे बराच वेळ उभा राहिला आणि मला म्हणाला, "बाई, याले कोन्या जाल्यात धरतेत जी?"

अहवालाच्या नमुन्यात एक रकाना होता: स्थानिक कलाकारांचा सहभाग, छायाचित्रासह. आमचे मुख्याधिकारी साहेब पश्चिम महाराष्ट्रातले, सज्जन आणि घाईत असलेले. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही इतकी वर्षं इथे आहात. एखादा स्थानिक कलाकार शोधा ना."

शोधायला कुठे जायचं? गावातल्या कलाकारांची यादी फक्त एकाच ठिकाणी होती, माझ्या नोटिसांच्या रजिस्टरमध्ये. कोण कुठल्या वॉर्डात काय रंगवतो, सगळं तारीखवार. मी ते काखेत मारून निघाले. पहिल्या पेंटरने मला कोपऱ्यावर पाहूनच शटर ओढलं. मी बाहेरून ओरडले, "नोटीस नाही, काम द्यायला आलेय!" आतून आवाज आला, "ते घरी नाहीत." आवाज त्याचाच होता. कासारांच्या गल्लीत एक जण पितळी भांड्यांवर नावं घालायचा. हातातल्या छिन्नीने, न आखता, पाण्याच्या गुंडाच्या, म्हणजे घागरीच्या, गोल पोटावर मोत्यासारखी अक्षरं. मी त्याला म्हटलं, तुम्ही कलाकार आहात, नाव देता का? तो घाबरला. "मी कलाकार नाही जी मॅडम. मी साधा मानूस हावो. लगनाच्या भांड्यावर नावं घालतो." मी जितकी समजूत काढत गेले तितका तो आपण काहीच करत नसल्याचे पुरावे देत गेला. त्या तीन दिवसांत मला कळलं की या गावात माझ्यामुळे 'कलाकार' हा शब्द 'आरोपी'सारखा ऐकू येतो. दयारामकडे मी गेले नाही. त्याचं नाव रजिस्टरमध्ये होतं, पण मी ते पान उलटून पुढे गेले.

चौथ्या दिवशी दुपारी कार्यालयात माझ्या टेबलासमोर एक म्हातारी येऊन बसली. न विचारता बसली आणि एक गुडघा वर घेतला. मी मान वर केली. मी तिला ओळखत होते. मी तिला तासभर उन्हात उभं राहून पुसलं होतं.

बायांनी 'आता नाही त्या इथं' म्हटलं, त्याचा अर्थ मी माझ्या सोयीचा लावला होता. मेलेलं माणूस तक्रार करत नाही, एवढा दिलासा मला वर्षभर पुरला होता. भागरताबाई मेल्या नव्हत्या. गोसीखुर्दच्या धरणात गाव गेल्यावर त्यांच्या लेकीचं घर पुनर्वसनात वसलं होतं. लेकीचा पाय मोडला म्हणून त्या तिकडे गेल्या आणि दीड वर्ष राहिल्या. परवा परतल्या तेव्हा गल्लीने त्यांना पहिली बातमी ही दिली.

"तूच का वो ते बाई?" त्यांनी विचारलं. "माहा फोटो कोनं पुसला?"

मी नियम सांगायला सुरुवात केली. सरकारी भिंत, विनापरवानगी, जाहिरात. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"म्हंजे मुताले परवानगी लागत नाही, अन् मले बसाले लागते."

शेजारच्या टेबलावरचा बाबू फाइलमध्ये तोंड घालून हसला. म्हातारीचा आवाज मग उतरला. "तसं नाही वो पोरी. माह्या उभ्या जिंदगीत एक फोटो नाही निंगाला. आधारचा हाये, त्याच्यात मी मेल्यावानी दिसतो. सारी गल्ली म्हनते, हुबेहूब होती. मी नव्हती तवा बी मी तिथं होती. अन् मलेच नाही पाह्याले भेटली. मले पाहाचं होतं."

मी त्यांना घेऊन तेलीपुऱ्यात गेले. स्कूटरवर मागे बसवून. दयाराम पडद्यावर महाल रंगवत होता. भागरताबाईंना बघून तो पडद्यावरून उतरला आणि पाया पडला. मी काय ते सांगितलं: भिंत तीच, रंग नगर परिषदेचा, परवानगी माझी.

तो म्हणाला, "नाही जी."

"का?"

"तिच्या तोंडावरचे डोरे मी सात दिवस केले होते. तुमी एका दिवसात पुसले. उद्या तुमच्या जागी दुसरा येईन. मले लिहून द्या का कोनी पुसनार नाही. मंग काढतो."

मागणी साधी होती आणि अशक्य होती. आमच्याकडे भिंत स्वच्छ ठेवण्याचा नमुना आहे, म्हातारी ठेवण्याचा नाही. मी फाइल केली. साहेबांनी विचारलं, या वृद्ध महिलेचा स्वच्छतेशी संबंध काय? मी जागेवर नेऊन वासासकट दाखवला. ते नाकाला रुमाल लावून म्हणाले की ठीक आहे, पण चित्राखाली संदेश हवा. मी भागरताबाईंनाच विचारलं, तुम्ही लोकांना काय म्हणायच्या? त्या म्हणाल्या ते जसंच्या तसं छापण्यासारखं नव्हतं. त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं निघालं: "काहून रे, घरी जागा नाही का?" फाइल वर गेली आणि खाली आली तेव्हा साहेबांनी लाल शाईने 'काहून' खोडून 'का' केलं होतं आणि समासात 'शुद्ध मराठी वापरावी' असा शेरा होता. पुसणार नाही अशी हमी मात्र कोणी दिली नाही. परवानगी 'पुढील आदेशापर्यंत' होती. मी तो कागद दयारामला दिला आणि खरं काय ते सांगितलं: यापेक्षा जास्त माझ्या हातात नाही.

दुकानात तेव्हा भागरताबाईही होत्या. हो म्हणाला तो माझ्यामुळे नाही. भागरताबाई मध्येच म्हणाल्या, "अरे, माह्याकडं सात दिवस हायेत. तुह्या कागदाचं तू पाह्य."

ते सात दिवस मी रोज कोणत्या ना कोणत्या निमित्ताने तिथे जायचे. भागरताबाई समोरच्या खऱ्या ओट्यावर बसायच्या, हा भिंतीवर. आणि भांडण. त्यांना नवं लुगडं हवं होतं, लग्नातली नथ हवी होती, वय थोडं कमी हवं होतं. "जरा हासती काढ ना रे." दयाराम म्हणायचा, "मावशे, हासली का लोकं बेसक येतीन भिंतीपाशी. तू वरड." मग त्या खरंच ओरडायच्या, गल्लीतून जाणाऱ्या कोणावर तरी, आणि तो तेवढ्यात चटकन भुवई पकडायचा. शेवटी नथ दिली, वय दिलं नाही. एका दुपारी त्याने मला वीस पावलांवर उभं केलं आणि विचारलं, "दिसते का आता?" मी म्हटलं, डावा डोळा किंचित लहान वाटतो. तो चरफडला, पण परातीत रंग कालवून पुन्हा चढला. मला तेव्हा जे वाटलं ते पुढे मिळालेलं प्रशस्तिपत्र घेतानाही वाटलं नाही.

खाली त्याने लिहिलं: 'काहून रे, घरी जागा नाही का?' मी फाइल दाखवली. भागरताबाई म्हणाल्या, "मी 'का रे' नाही म्हनत. तुह्या साहेबाले म्हन, त्याले वाटलं तं त्याचा फोटो काढ अन् त्याच्याखाली लिव." मी अहवालात 'का रे' लिहिलं आणि फोटो असा काढला की तेवढा शब्द सुकरामच्या डोक्याआड गेला. त्याला मी मुद्दाम तिथे उभं केलं होतं.

पथक आलं, देवमाशापाशी फोटो काढून घेतले, जकात नाक्यापाशी गाडीतूनच पाहिलं. त्यातल्या एका बाईंनी काच खाली करून विचारलं, "त्या आजींना विचारा ना, पाणी नियमित येतं का?" मी म्हटलं, येतं. आमच्या शहराला कसलंसं प्रमाणपत्र मिळालं, मला प्रशस्तिपत्र मिळालं, पूर्ण नावानिशी. अहवालात चित्राखाली ओळ होती: 'स्थानिक कलाकाराचा सहभाग'. दयारामचं नाव नव्हतं. भिंतीवरही नव्हतं, कारण नाव म्हणजे जाहिरात हा मुद्दा मीच वर्षभरापूर्वी फाइलवर लिहून ठेवला होता आणि साहेबांनी तोच काढून मला दाखवला. मी दयारामला हे सांगायला गेले. तो म्हणाला, "राहू द्या जी. पडद्यावर बी नाव नसते." त्याला खरंच काही वाटलं नाही की वाटलं, मला आजही माहीत नाही.

निवृत्त होण्याआधी मी एक उद्योग केला. आमच्या मालमत्ता नोंदवहीत एकदा जे चढलं ते सहजी निघत नाही. मोडकी खुर्ची फेकायची तरी ठराव लागतो. मी जकात नाक्याच्या नोंदीपुढे माझ्या अक्षरात वाढवलं: 'मागील भिंत, चित्रासह.' साहेबांनी न वाचता सही केली. आता कोणालाही भागरताबाईंना पुसायचं तर आधी सभेत ठराव आणावा लागणार होता, आणि आमच्या सभेत ठराव कसे होतात हे मी तीस वर्षं पाहिलं होतं. नोकरीत केलेल्या कामांपैकी हे एक मला हुशारीचं वाटलं.

यंदा उन्हाळ्यात भागरताबाई गेल्या. इतकी वर्षं त्या रोज समोरच्या ओट्यावर स्वतःकडे बघत बसायच्या, येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायच्या, "कोन चांगली दिसते?" गल्लीतल्या बायांना मी म्हटलं, चित्राला हार घालायचा का? त्या म्हणाल्या, "तिले हार कायले? ते तं बसूनच हाये."

उन्हाने मात्र चेहऱ्याचा रंग उडायला लागला होता. दयाराम, आता त्याच्याही एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, शिडी आणि परात घेऊन गेला आणि भर सकाळी डावा डोळा ताजा करून आला. आठवड्याने तो माझ्या घरी आला. हातात लिफाफा होता.

"मॅडम, हे वाचून द्या जी. माह्या डोऱ्याले बारीक दिसत नाही."

नोटीस होती. माझ्या जागी आलेल्या नव्या निरीक्षकाने, नोंदवही नीट वाचून, पाठवलेली. नगर परिषदेच्या मालकीच्या नोंदणीकृत चित्रावर विनापरवानगी रंगकाम करून विद्रूपीकरण केल्याबद्दल सात दिवसांत लेखी खुलासा द्यावा. मी वाचता वाचता थांबले. हे सगळं माझंच होतं. मी लावलेलं कुलूप त्याच्याच हातावर बसलं होतं. मी त्याला तसं सांगितलं, नोंदवहीचं, माझ्या हुशारीचं, सगळं.

त्याचं लक्ष दुसरीकडेच होतं. "वरतं का लिवलं हाये? नाव कोनाचं हाये?"

मी वाचलं. "प्रति, श्री. दयाराम, चित्रकार, तेलीपुरा."

"चित्रकार म्हनून लिवलं?"

"हो."

"पेंटर नाही?"

"नाही. चित्रकार."

त्याने लिफाफा परत घेतला, नोटीस आत घातली, आणि या खेपेला कानामागे न खोचता खिशात ठेवली. म्हणाला, नंतर काचेत बसवून घेईन, आधी खुलासा लिहून द्या.

मी लिहून दिला. बावीस वर्षं आणि पुढची आठ अशा नोटिसा लिहिल्या होत्या. उत्तर लिहिण्याची ही पहिलीच वेळ. लिहिलं की सदर चित्रकाराने चेहरा विद्रूप केलेला नाही, डावा डोळा दुरुस्त केला आहे, उजव्याचं काम बाकी आहे, तरी तेवढी परवानगी मिळावी. खाली त्याने सही केली आणि साक्षीदार म्हणून मी केली. आम्ही दोघं जाऊन नगर परिषदेच्या आवक विभागात देऊन आलो, पोच घेतली.

तिथून अजून उत्तर आलेलं नाही. गेल्या सोमवारी मी शिडी धरली आणि त्याने उजवा डोळा करून टाकला.